सिद्रामप्पांचा नातू सिद्धेश

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाचं नाव जितकं सरळ तितकंच चिवट. मुंबईतही एक सात रस्ता आहे, महालक्ष्मीजवळचा. इंग्रजी अमदानीत त्याला जेकब सर्कल म्हणायचे, पुढे संत गाडगे महाराज चौक असं नामकरण झालं, तरी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना माणूस आजही ‘सात रस्ता’च म्हणतो. लोकांनी रस्ते मोजून ठेवलेलं नाव पाट्या बदलून पुसलं जात नाही. माणसांच्या नावांचं मात्र तसं नसतं. एका पिढीत घरोघरी असलेलं नाव दोन पिढ्यांनी शाळेच्या हजेरीपटावर औषधालाही सापडत नाही, आणि त्यासाठी कुठल्या सभागृहात ठराव व्हावा लागत नाही.

सोलापुरात हे ज्याच्या बाबतीत घडलं ते नाव म्हणजे सिद्राम. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांत हे नाव अजून भरपूर भेटतं, चाळिशीच्या आसपास तुरळक, आणि बालवाडीत कुणी सिद्राम निघालाच तर तो बहुधा आजोबांच्या हट्टाचा.

सात रस्त्यावरून विजापूर आणि होटगीच्या दिशेने वाहतूक चालू असते. कर्नाटकची हद्द इथून लांब नाही, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या अनेक गावांत घरची भाषा कन्नडच आहे. त्यामुळे चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच वेळी कानावर पडतात, आणि एकाच माणसाचं नाव चार तऱ्हांनी घेतलं जातं. कन्नड बोलणारे सोयरे त्याला सिद्रामप्पा म्हणणार, मराठी शेजारी सिद्राम, खेड्यातला जुना गडी शिद्राम, घरातली थोरली बाई सिद्दू. कागदावर आणखी वेगळंच. दाखल्यावर सिद्धाराम, सातबाऱ्यावर सिद्राम, लग्नपत्रिकेवर श्री. सिद्धराम. नाव एकच, पण त्याच्यावरून तीन भाषांची जीभ फिरलेली.

या नावाचा धनी बाराव्या शतकातला आहे. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलिगे. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी जन्मलेला सिद्धराम हा पुढे बसवेश्वरांच्या काळातल्या शरणांपैकी एक मोठा शरण ठरला. परंपरेतली कथा गमतीची आहे. रेवणसिद्धांनी सुग्गलादेवीला आधीच सांगून ठेवलं होतं की तुझ्या पोटी सिद्धपुरुष येईल, पण घरच्यांनी मुलाचं नाव कुळाच्या देवावरून धूळीमहांकाळ असं ठेवलं, आणि सिद्धराम हे नाव नंतर रूढ झालं. म्हणजे ज्या नावाने पुढे आठशे वर्षं पोरांची बारशी झाली, ते खुद्द मूळ पुरुषालाही पाळण्यात मिळालेलं नव्हतं.

मुलगा अबोल, गुरं राखणारा. एक दिवस रानात त्याला जंगमाच्या वेषातला मल्लय्या, म्हणजे श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, भेटला, त्याने खायला मागितलं, पोरगं घरून अन्न घेऊन येईपर्यंत पाहुणा गायब. मग हा ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत थेट श्रीशैलापर्यंत चालत गेला. परत आल्यावर त्याने सोन्नलिगेत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तळं खोदवलं, देऊळ उभारलं. त्याच्या वचनांवर ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा आहे. सोलापुरात मल्लिकार्जुन, मल्लप्पा, मल्लिनाथ, मल्लव्वा ही नावं सिद्रामच्या मांडीला मांडी लावून का बसतात, याचं उत्तर या श्रीशैलाच्या वाटेत आहे. राघवांक या कन्नड कवीने हे सगळं चरित्र काव्यात बांधलं. देवळाला तीन बाजूंनी पाणी लागलेलं ते तळं आजही शहराच्या मध्यात आहे, शेजारी भुईकोट किल्ला.

तळ्याचा उल्लेख इथे उगाच केलेला नाही. सिद्धराम ध्यान करत बसणारा योगी कमी आणि माणसं कामाला लावणारा कारभारी जास्त, अशी त्याची प्रतिमा कन्नड साहित्यात आहे. ‘शून्यसंपादने’ या पंधराव्या शतकातल्या ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात तेव्हा तळं खोदणाऱ्या लोकांना ते ‘तुमचा वड्डराम कुठे आहे’ असं विचारतात. वड्ड म्हणजे माती-दगड खोदणारा. लोक चिडून त्यांच्यावर दगडफेक करतात. पुढे वाद होतो, बोध होतो, सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला जातो, चन्नबसवांकडून दीक्षा घेतो आणि अल्लम व चन्नबसवांनंतर अनुभवमंटपाच्या शून्यसिंहासनावर बसतो. पण चिडवायला वापरलेला तो शब्द काहींनी मानाने उचलला. कर्नाटकातला भोवी समाज, आपल्याकडे वडार म्हणून ओळखला जाणारा, सिद्धरामेश्वरांना आपला गुरू मानतो. चित्रदुर्गला त्यांची गुरुपीठाची गादी आहे आणि संक्रांतीच्या सुमारास तिकडे सिद्धरामेश्वर जयंती सरकारी पातळीवर साजरी होते.

म्हणून सिद्राम हे ‘लिंगायतांचं नाव’ असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. लिंगायतांत ते सर्वाधिक आहे हे खरं, पण ते त्या एका समाजात कधीच मावलं नाही. या नावाचे आजचे सर्वांत प्रसिद्ध मानकरी कर्नाटकचे सिद्धरामय्या. ते कुरुब म्हणजे आपल्याकडच्या धनगरांना जवळच्या समाजातले, २०१३ साली आणि पुन्हा २०२३ साली मुख्यमंत्री झालेले. म्हैसूरजवळच्या त्यांच्या गावाचं नावच सिद्धरामनहुंडी. सोलापूरपासून इतक्या दक्षिणेला गेल्यावर नावाच्या शेवटचा ‘अप्पा’ जाऊन ‘अय्या’ आला, एवढाच फरक.

आणखी एक सिद्राम याहूनही लांब पोचला. १८८८ साली सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरी गावी जन्मलेले सिद्धरामेश्वर महाराज. विजापूरकडच्या इंचगेरीच्या भाऊसाहेब महाराजांचे ते शिष्य. १९३६ साली मुंबईत त्यांनी देह ठेवला. त्यांचा एक शिष्य खेतवाडीत बिडीचं दुकान चालवायचा. त्याचं नाव निसर्गदत्त महाराज. १९७३ साली ‘आय अ‍ॅम दॅट’ हे त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि युरोप-अमेरिकेतले साधक खेतवाडीचा जिना चढू लागले. आज तिकडच्या पुस्तकांच्या कपाटांत ‘सिद्धरामेश्वर’ हे नाव सहज आढळतं. सोलापुरात ते कमी होत असताना तिकडे वाढलं, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

आता थोडं अप्पा, अण्णा, अय्या यांच्याविषयी, कारण सिद्रामची पीछेहाट समजायला ही शेपटं महत्त्वाची आहेत. कन्नडमध्ये अप्पा म्हणजे बाप, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आई. दोन वर्षांच्या पोराला ‘मल्लप्पा’ म्हणताना आपण त्याला बाप म्हणतोय, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आदर नावातच शिवून टाकलेला असतो. तेलुगूत तेच काम ‘अय्या’ करतो. विणकामासाठी तेलंगणातून सोलापुरात येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली समाजात नरसय्या, राजय्या, मल्लय्या ही नावं त्यातूनच आली. त्यांच्याकडे सिद्रामच्या जागी मार्कंडेय आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, रुग्णालयालाही त्याचंच नाव आहे, आणि पोरांना ते नाव ठेवणं मात्र तिथेही मागे पडलेलं आहे. मराठीत ‘राव’, ‘बा’, ‘जी’ ही कामं करत.

सोलापूरच्या नावांचा एक छेद पाहायचा असेल तर चार हुतात्म्यांची नावं वाचावीत. १९३० साली इथे लष्करी कायदा लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, येरवड्यात चौघांना फाशी दिली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. एक कन्नड वळणाचं, एक मुसलमानी, एक मारवाडी, एक मराठी. गिरण्यांच्या त्या शहराचा हजेरीपट असाच दिसत असणार.

दर संक्रांतीला सिद्धेश्वराची, म्हणजे देव झालेल्या सिद्धरामाची, यात्रा भरते, गड्डा यात्रा. सात नंदिध्वज निघतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लग्न असतं ते सिद्धेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांचं. बाराबंदी घातलेले पुरुष, त्यांच्या बोटाला धरलेली बाराबंदीतलीच चिमुरडी पोरं, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. इथे बोललेल्या नवसाचं पोर झालं की त्याचं नाव सिद्राम ठेवायचं, हा सरळ हिशेब होता. दुसरा हिशेब आजोबांचा. आजा गेला की पुढच्या पोराला त्याचं नाव. या दोन वाटांनी सिद्राम पिढ्यान्‌पिढ्या परत येत राहिला. एक पिढी आड, पण येणार हे ठरलेलं.

यात एक बारीक फरक सोलापूरकर नकळत पाळत आला. माणसाला सिद्राम आणि संस्थेला सिद्धेश्वर. साखर कारखाना सिद्धेश्वर, बाजार समिती सिद्धेश्वर, मुंबईला जाणारी रात्रीची गाडी सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पेठ सिद्धेश्वर. सिद्राम कारखाना किंवा सिद्राम एक्स्प्रेस अशी कल्पनाही करवत नाही. कारण उघड आहे. सिद्धराम हा माणूस होता आणि सिद्धेश्वर हा देव झाला. देवाचं नाव फलकावर गेलं, माणसाचं माणसांकडे राहिलं. मग माणसांनी ते सोडायला सुरुवात केली तेव्हा त्याला टेकायला दुसरं काहीच नव्हतं.

कधी सोडलं, हे मोजायची सरकारी सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं. ‘एमा’ हे नाव त्या पहिल्या यादीत तिसरं होतं, विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत ते आजीबाईंचं नाव बनलं आणि २००८ साली पहिल्या क्रमांकावर परतलं, असं तिथे बोट ठेवून दाखवता येतं. भारतात जनगणनेचा प्रगणक दारात येऊन प्रत्येकाचं नाव लिहून घेतो, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार त्या नोंदी गोपनीय असतात. नावांची मोजदाद होऊनही तिचा कुणाला उपयोग नाही. मग दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात आणि त्यातली सर्वांत बोलकी खूण म्हणजे निवडणुकीच्या उमेदवारांची यादी, कारण तिथे माणसाला संपूर्ण नाव लावावं लागतं.

अक्कलकोट विधानसभा मतदारसंघ घ्या. २००९ साली तिथे भाजपचे सिद्रामप्पा पाटील निवडून आले, त्यांनी हरवलं काँग्रेसच्या सिद्धाराम म्हेत्रे यांना. २०१४ साली उलट झालं, म्हेत्रे जिंकले. पाच-पाच वर्षं मतदारांनी एका सिद्रामला पाडून दुसऱ्या सिद्रामला निवडलं. पाटलांच्या वडलांचं नाव मलकप्पा, म्हेत्र्यांच्या वडलांचं सातलिंगप्पा. २०१९ साली म्हेत्रे हरले आणि जिंकले ते सचिन कल्याणशेट्टी. पूर्ण नाव सचिन पंचप्पा कल्याणशेट्टी. तिकडे सोलापूर शहर उत्तरमध्ये २००४ पासून निवडून येणारे विजयकुमार देशमुख उमेदवारी अर्जावर विजय सिद्रामप्पा देशमुख असतात. या नावांकडे राजकारण बाजूला ठेवून पाहिलं तर सिद्राम कुठे गेला ते दिसतं. तो नाहीसा झालेला नाही, पहिल्या जागेवरून मधल्या जागी सरकला आहे.

महाराष्ट्रातली तीन पदरी नाव लिहिण्याची पद्धत, स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव, ही जुन्या नावांची मोठी आसराजागा आहे. मुलगा विजय, संजय, महेश काहीही असो, हजेरी घेताना मास्तर ‘महेश सिद्राम’ असं पुकारणार आणि त्या पुकाऱ्यात सिद्राम आणखी तीस वर्षं जगणार. दक्षिण कर्नाटकात बापाचं नाव बहुतेकदा एका इंग्रजी आद्याक्षरात आवळून बसवतात. तिथे सिद्धरामय्या बाप झाला की त्याचा नुसता ‘एस’ उरतो.

पहिली जागा कुणी घेतली? स्वातंत्र्यानंतरची पहिली लाट ‘कुमार’ची. पडद्यावर अशोककुमार, दिलीपकुमार, राजेंद्रकुमार होते आणि घरोघरी विजयकुमार, सुशीलकुमार, राजकुमार जन्माला येत होते. ‘अप्पा’ गेला, ‘कुमार’ आला. बाप म्हणवून घेणारं नाव जाऊन मुलगा म्हणवून घेणारं नाव आलं, आणि हा बदल दिसतो तितका लहान नाही. नंतर लहान, दोन अक्षरी-तीन अक्षरी नावांची लाट आली. सचिन, नितीन, अमित, अजित. रमेश तेंडुलकरांनी १९७३ साली जन्मलेल्या मुलाचं नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं हे सर्वांना माहीत आहे. त्रिपुराच्या राजघराण्यातल्या एका बंगाली गायकाचं नाव असं दादरमार्गे अक्कलकोटच्या लिंगायत घरापर्यंत शोभून दिसू लागलं. तेंडुलकर मैदानात उतरायच्या आधीच सचिन पिळगावकर पडद्यावर होते, त्यामुळे सगळं श्रेय क्रिकेटला द्यायचं कारण नाही.

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी २००० साली ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ या पुस्तकात मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो. नावांची फॅशन दर वेळी एखाद्या नटामुळे किंवा घटनेमुळे बदलते असं नाही. बऱ्याचदा ती आवाजामुळे बदलते. एखादा शेवट कानाला जुना वाटू लागला की त्या शेवटाची सगळी नावं एकदमच उतरणीला लागतात.

मराठीत हे ‘राम’ या शेवटाचं झालं. तुकाराम, सखाराम, आत्माराम, शांताराम, गंगाराम, बळीराम, जयराम. एके काळी ही नावं राजवाड्यापासून रानापर्यंत होती. १९०१ साली जन्मलेले व्ही. शांताराम हे सिनेमातलं सर्वांत आधुनिक माणसाचं नाव होतं. १९७२ साली विजय तेंडुलकरांनी आपल्या नाटकातल्या रांगड्या बाइंडरला सखाराम म्हटलं तेव्हा त्या नावातच जुन्या वळणाचा, शहरी सभ्यतेबाहेरचा माणूस दिसत होता. सिद्राम त्या लाटेत सापडला. खरं तर त्याच्यातला राम अयोध्येचा नाहीच. रमणारा, सिद्धांमध्ये रमणारा असा त्याचा अर्थ सांगतात. पण कान व्युत्पत्ती पाहत नाही. पुण्याच्या वर्गात सिद्राम हे सखारामच्याच बाकावर बसलं, आणि वर ‘अप्पा’ लावला तर मग ‘सोलापूरकडचा का?’ हा प्रश्न ठरलेला. गिरण्यांची उतरती कळा लागल्यावर शिकून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या पिढीने हा प्रश्न फार वेळा ऐकला. आपल्या मुलाला तो ऐकावा लागू नये एवढी साधी इच्छा अनेक घरांत एका जुन्या नावाला पुरून उरली.

‘सिद्ध’ मात्र गेला नाही. तो उलट वाढला. आणि इथे दोन अगदी वेगळे प्रवाह एकमेकांना भेटतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दलित वस्त्यांत दगडू, धोंडू, कचरू ही नावं भराभर मागे पडली आणि गौतम, राहुल, सिद्धार्थ आले. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाचं नावही सिद्धार्थच. तो सिद्धार्थ पुढे सगळ्या समाजांत पसरला, इतका की ते नाव ऐकून आज कुणी काही अंदाज बांधू शकत नाही. दुसरीकडे ‘एश’ शेवटाची लाट आली. महेश, योगेश, नीलेश, राजेश यांच्या ओळीत सिद्धेश अलगद जाऊन उभा राहिला. आता सिद्धांत आहे, सिद्धी आहे, सिद्धांशही दिसतो.

सोलापूरच्या घरांना हे सोयीचं पडलं. सिद्रामप्पांच्या नातवाचं नाव सिद्धेश ठेवलं की आजोबांचं नाव ‘चालवलं’ असं नातेवाइकांना सांगता येतं आणि शाळेतही अडत नाही. पंचांगही हरकत घेत नाही. शततारका नक्षत्राच्या चरणाक्षरांत ‘सी’ येतं, म्हणजे कुंभ राशीच्या मुलाला सिद्राम जितका लागू तितकाच सिद्धेश. आजोबा, नवस, जन्माक्षर या तिन्ही जुन्या अटी नव्या नावाने पूर्ण केल्या. गेला तो फक्त ‘राम’ आणि ‘अप्पा’.

मग एमासारखा सिद्राम परत येईल का? मराठीत अशी परतीची उदाहरणं आहेत. मल्हार हे त्यातलं ठळक. मल्हारराव होळकरांच्या काळात भरात असलेलं खंडोबाचं हे नाव मधल्या काळात जुनाट झालं होतं. आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ते झोकात परतलंय. इरा, रमा, गार्गी याही आल्या. पण त्याच खंडोबाची खंडू, खंडेराव ही नावं काही परत आली नाहीत. मल्हारला रागाचा आधार मिळाला, पावसाचा मिळाला, आणि जेजुरी माहीत नसलेल्यालाही ते नाव गोड लागलं. जुनं नाव परत येतं ते असा काहीतरी दुसरा अर्थ चिकटल्यावर, आणि आजोबा नव्हे तर पणजोबा विस्मरणात गेल्यावर. सिद्रामला अजून तेवढं विस्मरण मिळालेलं नाही. ज्या नावाची माणसं अजून पारावर बसलेली आहेत, ते नाव फॅशन म्हणून घेता येत नाही.

सार्वजनिक मान मात्र वेगळ्या मार्गाने चालतो. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला सिद्धेश्वरांचं नाव द्यावं अशी लिंगायत संघटनांची मागणी होती, धनगर समाजाची मागणी अहिल्यादेवींसाठी होती. मोर्चे निघाले, निवेदनं गेली आणि २०१९ साली विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं झालं. त्याच वर्षी सोलापूरकरांनी लोकसभेवर जयसिद्धेश्वर शिवाचार्य स्वामींना पाठवलं. दोन्ही बाजूंनी नावासाठी रस्त्यावर उतरलेल्या घरांत त्या वर्षी जन्मलेल्या किती मुलींचं नाव अहिल्या आणि किती मुलांचं सिद्राम ठेवलं गेलं असेल, हा प्रश्न जरा खवचट आहे, पण विचारण्यासारखा आहे.

मधली जागाही कायमची नसते. १९५५ च्या सिद्रामचं नाव १९८५ च्या महेशच्या मधोमध येतं. पण महेशला २०१५ साली मुलगा झाला की त्याच्या नावाच्या मध्ये महेश बसतो, सिद्राम शाळेच्या कागदावरून उतरतो. आज पहिलीत असलेल्या विहान, आरव, शिवांशच्या मागे सचिन, नितीन आणि महेश ही मधली नावं लागतात, म्हणजे एके काळची नवी नावंही त्या आसऱ्याला जाऊन पोचली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने क्रम आणखी बदलला. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. प्रीती, स्नेहा, पूजा यांना यानिमित्ताने कागदावर जागा मिळाली, जी त्यांच्या सुगलाबाई आणि मल्लव्वा या आज्यांना कधी मिळाली नव्हती.

सिद्रामला मात्र अजून एक कागद सोडत नाही, तो म्हणजे जमिनीचा. खातेदार वारला की वारसाची नोंद करताना तलाठ्यापुढे जुने उतारे निघतात. एका उताऱ्यावर सिद्राम, दुसऱ्यावर सिद्रामप्पा, सोसायटीच्या कर्जखात्यावर सिद्धाराम, मृत्यूच्या दाखल्यावर सिद्धराम, आणि आधार कार्डावर इंग्रजीतून फिरून आलेलं पाचवंच काहीतरी. माणूस तोच आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, कचेरीला ते लेखी हवं असतं. मग पुण्याहून सुट्टी काढून आलेला सिद्धेश वकिलाकडे जातो आणि वरील सर्व नावं आपल्या आजोबांचीच होती असं प्रतिज्ञापत्र करून देतो.